कार्डिओग्रामच्या खोलीतली उलट उत्तरं

शहापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी चौदा वर्षं कार्डिओग्राम काढते. छातीला, हातापायांना वायरी लावायच्या, बटण दाबायचं, पट्टी फाडून डॉक्टरांना द्यायची, एवढंच काम. वायरी लावल्यावर माणसानं गप्प पडून राहायचं असतं. आमच्याकडचा माणूस तेवढंच करत नाही. पट्टी फाइलला लागते, तो जे बोलतो ते माझ्याकडे राहतं. आता इतकं साठलंय की जेवताना मुलगी विचारते, "आई, आज कोण भांडलं?"

*

सापगावचे हरीभाऊ. ठाण्याला बायपास झालेली. तीन महिने शेतात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दुसऱ्याच महिन्यात तपासणीला आले ते पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन.

"शेतात गेला होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बांधावर बसलो होतो."

"अशानं पुन्हा छाती उघडायची वेळ येईल."

"उघडा की. तेवढी लावणी होऊ द्या."

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माज्याकडं काय बघता? मीच रोपं दिली हातात. घरात बसून माजं डोकं खात होते."

*

पार्वतीआजी डोंगरावरच्या पाड्यात एकट्या राहायच्या. छातीत दुखतं म्हटल्यावर मुलांनी ठरवलं, आता म्हातारीला खाली आणायचं. आजींची एकच अट होती, आधी तपासा.

त्यांना ट्रेडमिलवर चढवलं. आजींनी चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि चालू लागल्या. थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दम लागला का?"

"दम नाय लागला. पन इतकी चालले रे, नि अजून तुज्याच पुढ्यात हाय."

डॉक्टरांनी चढ वाढवला. आजी म्हणाल्या, "आता कसं, घरचा रस्ता लागला."

रिपोर्ट चांगला आला. मुलं बाहेर उभी होती. आजी त्यांच्याकडे न थांबता चपला घालून सरळ स्टँडकडे निघाल्या.

*

धसईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या सखूबाईंची अँजिओग्राफी झाली होती. सीडी बघून डॉक्टरांनी मुलांना बाहेर नेलं. मुलं हळूच म्हणाली, "आईला सांगू नका, घाबरेल."

आतून आवाज आला, "छाती माजी, नि कुजबुज तुमची? आत येऊन बोला."

सगळे आत आले. बाईंनी सीडी पुन्हा लावायला सांगितली. शीर जिथे बारीक झाली होती तिथे स्क्रीनवर बोट ठेवलं. "इकडं तुंबलंय. कदी साफ करायचं?"

दोन स्टेंट बसले. बाजारात आता मुलगा पाटी उचलतो, भाव बाईच करतात.

*

मागच्या वर्षी आमच्या डॉक्टरांनाच स्टेंट बसला. आठवड्यात पुन्हा खुर्चीत. पहिल्याच पेशंटला म्हणाले, "महिनाभर घरी आराम करा."

पेशंट म्हणाला, "तुमी आदी घरी जा, मग मी पन जातो."

*

आणि यमुनाबाई. पन्नाशीच्या. मुरबाडकडच्या एका गावातून एकट्याच जीपनं आल्या. पोलकं घामानं भिजलेलं.

"शिष्टर, माजी पट्टी काढा. सकाळधरनं छाती दाबल्यावानी होते. घरी म्हंतात, गॅस हाय, ओवा खा."

पट्टी निघाली आणि मी धावतच डॉक्टरांकडे गेले. मोठा अ‍ॅटॅक होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, ठाण्याला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तिकडे अँजिओप्लास्टी झाली, बाई वाचल्या, अजून तपासणीला येतात.

पण त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी नवरा पोचला. ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या बायकोकडे न बघता मला म्हणाला, "उगाच घाबरवू नका शिष्टर. तिला नेहमीच गॅस होतो."

यमुनाबाईंनी मास्क बाजूला केला. माझ्या हातातली पट्टी घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या, वाचा."

त्यानं ती उलटसुलट करून बघितली. "मला नाय कळत यातलं."

"मग गॅस हाय ते कसं कळलं?"