उंबऱ्यावरची बाटली

ब्रिस्टलहून साउथहॅम्प्टनला जायचं तर थेट गाडी बघा, त्याच दिवशी परतायचं डे रिटर्न तिकीट काढा आणि डबा घरून न्या. गाडीतल्या चहात चहा शोधावा लागतो. नव्वदच्या दशकातल्या त्या शनिवारी मी निघाले, ती मात्र वडिलांना जाब विचारायला.

आमच्या ईव्हनिंग क्लासला युद्धानंतरच्या जर्मन कादंबऱ्या होत्या. नाझी काळात बापांनी काय केलं ते मुलांना उशिरा कळतं आणि ती लाज त्यांच्या मुलांपर्यंत पोचते. "या मुलांनी आधी विचारलं का नाही?" मी तावातावाने म्हणाले. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या जर्मन बाईंनी शांतपणे विचारलं, "तू घरी विचारलंस?" आजोबांचा गावातला दवाखाना हा आमच्या घरचा केवढा अभिमान!

निघताना जिन्यात सुनंदा भेटली. वरच्या मजल्यावर नवीनच आलेली मराठी नर्स. पहिल्याच दिवशी मी तिचं आडनाव, गाव, "गावात नेमकं कुठे?" सगळं विचारून घेतलं होतं. "सांभाळून जा ताई," ती म्हणाली.

सॉल्सबरीनंतर पाऊस लागला. बाबा गाडी घेऊन स्टेशनवर आले होते. नुकतेच रिटायर झालेले. पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी तो भिंतीवरच्या रेडिएटरवर गरम करणारे डॉक्टर म्हणून वॉर्डात प्रसिद्ध. बंदराजवळ गाडीतच बसून आम्ही चिप्स खाल्ल्या. समोर कंटेनर आणि राखाडी पाणी. व्हिनेगर जास्तच पडलं होतं.

"बाबा, आजोबा गावकुसाबाहेरच्या पेशंटना हात लावायचे?"

"नाही. लांबूनच बघायचे. औषधाची बाटली उंबऱ्यावर ठेवायची, त्यांनी उचलायची."

"आणि तुम्ही?"

वायपर दोनदा फिरला.

"मेडिकलच्या सुट्टीत मीच ठेवायचो. एक बाई मूल घेऊन आली. पोट फुगलेलं. दाबून पाहिलं असतं तर कळलं असतं गं. शिकलो होतो मी. बाटली ठेवली. मूल दुसऱ्या दिवशी गेलं."

"नाव काय तिचं?"

"विचारलंच नाही कधी."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांचा हात धरावासाही वाटला. धरला नाही. संध्याकाळच्या गाडीने परतले.

आमच्या जिन्यात वरून फोडणीचा वास येत होता. सुनंदाला येऊन महिना झाला होता. इथे नवीन मराठी माणूस आलं की मी त्याच आठवड्यात जेवायला बोलावते. तिचं आडनाव ऐकलं आणि तिला बोलावलं नाही. राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत होते.

राहून गेलं नव्हतं.