कडूबांचं अडथळ्यांचं मैदान

बजाजनगरच्या आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत कडूबांनी खड्डे खणायला घेतले तेव्हा लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. कडूबा करमाडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. वाळूजला कंपन्या आल्या तेव्हा एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशिनींवर लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. त्यानंतर माणूस नातवंडं खेळवतो, गावाकडं चक्कर मारतो. यांनी भंगारवाल्याकडून टायर आणायला सुरुवात केली.

त्यांना अडथळ्यांचं मैदान करायचं होतं, आणि तेही सगळ्या वयांसाठी. तीन वाटा आखल्या. लहानग्यांच्या वाटेवर गुडघ्यापेक्षा उंच काही नाही: अर्धे पुरलेले टायर आणि रांगत जायला सिमेंटचा पाइप. मोठ्या पोरांना कमरेएवढ्या उंचीवर दोराची जाळी. म्हाताऱ्यांना तोल सांभाळत चालायला हातभर उंच फळी, बाजूला धरायला कठडा, शेवटी उतरायला पायरी. खाली सगळीकडं चाळलेली वाळू, बोल्टच्या डोक्यांवर रबर. लाकूड घासून झालं की बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यावरून ओढायचे. धागा अडकला की पुन्हा घासायचे. एवढी काळजी त्यांनी पोटच्या पोरांचीही घेतली नसेल.

कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब यांना त्या जागेवर पार्किंग हवं होतं. कुणाला लागलं तर सगळं उखडून टाकायचं, अशी त्यांनी अट घातली. कडूबांनी ती मान्य केली, वर आपण होऊन एक बोर्ड लावला. कंपनीच्या गेटवर असतो तसाच: 'अपघाताशिवाय दिवस'. रोज सकाळी जुना आकडा पुसून पुढचा लिहायचे. पोरं यायला लागली, त्यांच्यामागं आज्या आल्या, आकडा वाढला आणि कडूबांची मानही ताठ झाली.

दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हाताऱ्यांच्या फळीवरून उतरताना पडल्या. जवळपास कुणी नव्हतं. त्या उठल्या, हात पदराखाली घेतला आणि घरी गेल्या. भाकरी थापता येईना म्हणून रोज खिचडी टाकू लागल्या. कडूबा मिटक्या मारत खात होते. शेवटी चहाचं पातेलं हातातून सुटलं तेव्हा त्यांना सुजलेलं मनगट दिसलं. हाडाच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. फळीवरून पडले हे बाहेर कुणाला सांगू नका, एवढीच गळ द्वारकाबाईंनी घातली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबांनी बोर्डावर पुढचा आकडा लिहिला.

प्लास्टर काही पदराखाली लपत नाही. नानासाहेबांनी मीटिंग बोलावली आणि द्वारकाबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, हाताला काय झालं.

"मोरीत पाय घसरला," त्या म्हणाल्या. "घरीच पडले."

तिथं बसलेले निम्मे लोक कंपन्यांतले. आम्ही माना खाली घातल्या. हे वाक्य आमच्या चांगल्या ओळखीचं होतं. प्रेसमध्ये बोट सापडलं की साहेबाच्या गाडीतून खासगी दवाखान्यात जायचं आणि तिथं हेच सांगायचं, घरी लागलं. नाहीतर गेटवरचा आकडा शून्यावर यायचा. कडूबांनी कितीतरी जणांना ते पढवलं होतं. समोर बसलेल्या फकिराचं अर्धं बोट असंच 'घरी' तुटलं होतं.

कडूबांनी फकिराकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"खोटं बोलतीय ती," ते म्हणाले. "माझ्या फळीवरून पडली. आन् मला ठावं असून मी आकडा वाढवला."

नानासाहेबांना हवं तेच मिळालं होतं. पण ते काही बोलायच्या आत शेजारच्या सरूबाई म्हणाल्या, आपलाही पाय तिथंच मुरगळला, सुनेला मात्र जिन्यात घसरले म्हणून सांगितलं. मग एक आजोबा बोलले. सगळे एकाच जागी पडले होते. कठडा फळीबरोबर संपत होता आणि पायरी त्याच्या पुढं होती. पाय खाली जाताना हाताला धरायला काहीच नाही. लुगड्याचा धागा तपासणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचा मला रागच आला. पण कुणी सांगितल्याशिवाय त्याला तरी कळणार कसं, आणि तो बोर्ड डोक्यावर असताना सांगणार कोण?

मैदान तूर्तास बंद ठेवायचं ठरलं. पुढचं नंतर बघू, असं नानासाहेब म्हणाले. कडूबांनी बोर्ड काढून काखेत मारला आणि बायकोला घेऊन घराकडं निघाले. माझं घर त्यांच्याच गल्लीत, म्हणून मी मागोमाग होतो. वळणावर त्यांनी विचारलं, हात कसा आहे. इतके दिवस त्यांनी विचारलं की द्वारकाबाई बरा आहे म्हणायच्या.

"दुखतोय," त्या म्हणाल्या. "लई दुखतोय. पडले त्या दिवसापासून."

आणि त्या तिथंच, भर गल्लीत रडायला लागल्या. कडूबांनी बोर्ड खाली टाकला, त्यांना कुणाच्या तरी ओट्यावर बसवलं आणि रडणं थांबेपर्यंत शेजारी बसून राहिले.