मिस डोरोथींची तीन मिनिटं

मिस डोरोथींना आज पुरून आलो.

आमच्या गावात नाही. दीड तास ड्राइव्ह करून, त्यांच्या लेकीच्या गावी.

ज्यांची पोरं आमच्या एलिमेंटरी स्कूलला होती, त्यांना त्या माहीत असतील. पिवळ्या बसच्या ड्रायव्हर. पहिल्या दिवशी आमचा सम्यक बसमध्ये चढेचना. रडून रडून लाल.

त्यांनी इंजिन बंद केलं, उठून आल्या आणि बसच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या. मागे गाड्यांची ही रांग. कोणीतरी हॉर्न दिला तर म्हणाल्या, "त्यांना थांबू दे. वी आर टॉकिंग."

सम्यक आता हायस्कूलला आहे. आज चर्चमध्ये माझ्यापेक्षा तोच जास्त रडला.

मिस डोरोथींचा जन्म लायब्ररीच्या मागच्या गल्लीतला. आमची सबडिव्हिजन, म्हणजे ही नवी कॉलनी, झाली त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे काळ्या लोकांची वस्ती. मग एकेक घर बिल्डरने घेतलं, पाडलं, तिथे आपल्यासारख्यांसाठी मोठाली घरं उठली. बाईंचं भाडं वाढत वाढत असं झालं की त्यांना लेकीकडे जावं लागलं.

नोकरी मात्र इथेच. म्हणजे रोज पहाटे दीड तास गाडी चालवत यायचं, आणि मग आमच्या पोरांना शाळेत सोडायचं.

आमची पोरं सोडायला माणूस पाहिजे. राहायला नको. वा रे वा.

लायब्ररीमागच्या रिकाम्या प्लॉटवर अफोर्डेबल हाउसिंगचा प्रस्ताव आला, तेव्हा आम्ही पाच-सहा जण कामाला लागलो. भाडं पगाराच्या हिशोबाने. बस ड्रायव्हर, नर्सिंग एड, अशा लोकांसाठी. दोन वर्षं फ्लायर्स, ईमेल्स, मीटिंगा. दारं वाजवा, लोकांची तोंडं बघा, परत या. जीव मेटाकुटीला आला होता, यार.

मिस डोरोथी म्हणायच्या, "मला एक बेडरूम पुरे, हनी. आणि माझ्या चर्चला चालत जाता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी मी हे सगळं ऐकून घेतेय."

इकडे आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं होतं? शेजारच्या काकांनी लिहिलं होतं, "शाळेचं रेटिंग खाली जाईल. तसली लोकं येतील."

खाली धडाधड अंगठे.

"तसली लोकं" हे मला नवीन नाही. नागपुरात माझ्या बाबांनी खोली शोधताना ते फार ऐकलं. घरमालक आडनाव विचारायचा. बाबा म्हणायचे, "मेश्राम." मालक म्हणायचा, "अरेरे, खोली कालच गेली बघा."

हे मिस डोरोथींना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "माझ्या डॅडीलापण हेच सांगायचे. कालच गेली."



हे सगळं माहीत असलेला मी. त्या ग्रुपवर आठ वर्षं "नितीन एम." आणि त्या मेसेजखाली मूग गिळून बसलेला.

टाउन कौन्सिल प्रस्तावावर मत देणार त्या दिवशी टाउन हॉल भरलेला. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी माइकवर पूर्ण नाव आणि पत्ता सांगायचा, तो रेकॉर्डवर जातो. सगळं लाइव्ह दिसतं.

मिस डोरोथींनी नाव सांगितलं. लेकीचा पत्ता सांगितला.

समोर बसलेला कौन्सिलचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅम, आज फक्त गावचे रहिवासी बोलू शकतात."

सत्तरीला आलेली बाई. जन्म तिथून चार ब्लॉक पलीकडचा. गावातून हाकलली गेली, म्हणून हाकलल्याबद्दल बोलायचा हक्क नाही!

त्या परत येऊन बसल्या. हाताने लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. "तू वाच. तुझा पत्ता चालतो."

मी बोलणाऱ्यांचा फॉर्म घ्यायला उठलो. विरोध करणाऱ्यांनी लाल टी-शर्ट घातले होते. दुसऱ्या रांगेत तेच शेजारचे काका, काकू. त्यांच्या बाजूला आमच्याकडे पॉटलकला डबे घेऊन जेवायला येणारी तीन कुटुंबं. काकूंनी मला हात केला.

माइकवर आधी "मेश्राम" म्हणावं लागणार होतं.

मी मिस डोरोथींना म्हणालो, "ऑफिसचा कॉल आलाय, अर्जंट." कागद त्यांच्या हातात परत दिला आणि पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसलो.

कॉलबिल काही नव्हता.

आत गेलो तोवर प्रस्ताव पडला होता. माझ्या तीन मिनिटांनी कोणाचं मत फिरलं असतं असं मला वाटत नाही. पण हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याचाही कंटाळा आलाय.

"झाला कॉल?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गुड." माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी. त्यांना कळलं होतं. मग पर्स उचलली आणि हळूहळू गाडीकडे गेल्या. अजून दीड तास चालवायचं होतं त्यांना.

त्यानंतरही शेवटच्या महिन्यापर्यंत बस चालवली. मग हार्टचं निघालं. लेकीच्या हॉलमधल्या सोफ्यावरच गेल्या. त्यांची एक बेडरूम राहिली ती राहिलीच.

आज दफन झाल्यावर लेक, डनीस, माझ्यापाशी आली. मला घट्ट मिठी मारली.

"तू नितीन ना? त्या दिवशी मॉमाला बोलू दिलं नाही, तेव्हा तू तिचा कागद वाचलास. पूर्ण नाव सांगून, सगळ्या शेजाऱ्यांसमोर. आख्ख्या चर्चला सांगत होती ती."



आणि मी काय केलं? मान हलवली. "थँक यू" म्हणालो.

बाईंनी मला झाकलं, हो. जाताजाता झाकलं. आणि मी ते घेतलंसुद्धा.

डनीसला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच इथे लिहायची हिंमत झाली, हेही मला कळतंय. तिला फोन करून सांगायचंय. अजून केला नाही.

मिस डोरोथी, निवांत झोपा आता. फार दमला होतात तुम्ही.