सहदेवचा हाका

सहदेवच्या संगतीनं चिखलदऱ्याचं जंगल पाहायचं म्हणजे तोंडाला कुलूप. खोकला आला तर तोंडात पदर कोंबा, उपरणं कोंबा, पण आवाज म्हणून नको. एकदा अमरावतीच्या वकीलसाहेबांना शिंक आली, तर या बहाद्दरानं सगळ्यांना तिथूनच माघारी आणलं. भारी खवीस माणूस! पण सांबर दाखवावं, गवा दाखवावा, तर त्यानंच.

तरुणपणी तो शिकाऱ्यांचा हाकेवाला होता. डबे बडवायचे, बोंबलायचं अन् जनावरं बंदुकीपुढं हाकलायची. एकदा त्याच्या हाक्यानं गाभण सांबरी पडली. तिचं पोट फाडलेलं पाहिलं, अन् त्यानं ते काम कायमचं सोडलं. तेव्हापासून भल्याभल्यांना तो तोंडावर सांगे, "पाह्याचं असन तर चाला. माराचं असन तर दुसरा पाहा."

बासष्टच्या उन्हाळ्यात सरकारी विश्रामबंगल्यावरचा मुकादम चंद्रभान, सहदेवकडं पाहुणे धाडायचा तोच, अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठला घेऊन आला. "त्याईले नुस्तं पाह्याचं हाय," म्हणाला. शेठच्या काखेत सतरंजीची वळकटी होती. बसायला लागते म्हणे. सहदेवनं मानलं, तिथंच चुकला बिचारा!

उन्हं कलताना पाणवठ्यावर सांबरी आली, मागून पाडस. शेठनं हळूच वळकटी सोडली अन् आतून बंदूक निघाली. सहदेव पुढं सरसावला. चंद्रभाननं त्याचं मनगट दाबलं, कानात कुजबुजला, "चूप राय. उद्या काम पायजे ना तुले?"

दहा वर्षं गिळलेला आवाज सहदेवच्या बेंबीच्या देठापासून निघाला. "हाऽऽ हो हो होऽऽ!" असा हाका त्यानं उभ्या जन्मात घातला नव्हता. सांबरी पाडसासकट पसार! शेठची गोळी गेली सागाच्या खोडात.

"आजपासून बंगल्याची पायरी चढू नको!" चंद्रभान अंगावर धावून आला.

"नाई चढत, जाय! जंगल का तुह्या बंगल्यात कोंडून ठेवलं हाय?"

पुढच्या रविवारी सहदेव एस.टी. थांब्यावर काठी टेकून उभा. परतवाड्याच्या गाडीतून एक मास्तर अन् त्यांची बायको जंगल पाहायला उतरली. त्यांची वळकटी त्यानं आधी भर रस्त्यात सोडायला लावली, सतरंजी झटकून पाहिली. मास्तर चिडले, पण हा ढिम्म. मग म्हणाला, "आता ध्यान देऊन आयका. जंगलात तुमी तोंड उघडाचं नाई. वरडाचं काम माह्यं."