पडद्याशिवायचा फोटो

बाहेर भाजीवाला ओरडला आणि फातिमाबींनी झटकन ओढणी तोंडावर घेतली. त्याच क्षणी मी लेन्सवरचं झाकण काढलं होतं. प्लेट, म्हणजे फोटोची काच, वाया गेली. उरली एक.

नगरच्या ज्या स्टुडिओत मी काम करत होते, तिथे पुरुषांपुढे न येणाऱ्या बायकांचे फोटो काढायला मलाच पाठवत. युद्धामुळे प्लेट मिळत नव्हत्या. फातिमाबींचा मुलगा लढाईवर जखमी होऊन इस्पितळात होता. त्याने आईचा फोटो मागितला होता.

मी अंगणात राजवाड्याचं चित्र रंगवलेला पडदा टांगला होता. त्यापुढे त्या श्वास रोखून बसल्या होत्या.

"न्हाई जमायचं, पोरी. हात रिकामे ऱ्हायले की जीव घाबरतो," म्हणत त्या आत गेल्या आणि सुताच्या चरख्याशी बसल्या.

मी दारातच थांबले. धाब्याच्या छताला धूर जायला ठेवलेलं भोक होतं, साणं. त्यातून उन्हाचा एकच झोत त्यांच्या गालावर उतरला होता. कापसाचे तंतू त्यात तरंगत होते, वर जात होते, पेटल्यासारखे दिसत होते. अशा खोल्यांतून मी कितीदा गेले असेन. वर कधी पाहिलंच नव्हतं. मी अंगणातला कॅमेरा उचलून दारात आणला.

म्हणाले, "खाला, चरखा चालू द्या. मान तेवढी हलवू नका."

स्टुडिओत मालकांनी प्रिंट पाहिली. "पडदा कुठाय? आणि हे चाक सगळं पुसलं गेलंय!"

"फिरत होतं, सर."

"गिऱ्हाईक घेणार नाही. तूच जा दाखवायला."

गेले. फातिमाबींनी फोटो उजेडात धरला. सून मागून वाकून हसली. "अम्मा, कामाची ओढणी! जळकं भोक बी आलंय की!"

"येऊ दे. त्याच्याच बिडीनं पडलंय. लई बोलले हुते त्याला." त्यांनी भोकावर बोट ठेवलं. "ह्योच धाडा. बघताच वळखंल."

फोटो गेला. गल्लीतल्या बायका तसाच फोटो मागू लागल्या, तेव्हा मालकांनी एक चरखा आणून राजवाड्याच्या पडद्यापुढे मांडला. एकही फोटो जमला नाही. चरखा बाजारात मिळाला. साणं मिळालं नाही.