वकीलबाई फुटल्या म्हणे!

गिरणीत माझ्या पुढं दोघी उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानाला लागली, "अगं, आपल्या वकीलबाई फुटल्या म्हणं! इनामगावात पलीकडच्या पार्टीच्या घरात जेवायला बसल्या हुत्या, आन् डॉक्टरला म्हणं..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं. मी पुढं सरकून कान लावला, पण दोघी डबे उचलून चालत्या झाल्या. मी माझं दळण तसंच ठेवून घरी आले. दळण उद्या होईल, ही बातमी उद्यापर्यंत अर्धी कशी ठेवायची?

वकीलबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. शिरूरला आमची दोघींची भिंत एक, ओटा एक. ओट्याच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन, उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या पक्षकारांचं बाकडं. पेशंटनं हलगर्जीपणाचा दावा लावला की डॉक्टर त्यांच्याकडं येतो. आणि कुणी कुणाच्या मालाचं नाव, लेबल, शिक्का उचलला की तो दुकानदारही त्यांच्याकडंच येतो. मी एकदा विचारलं, "ताई, ह्या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय?" म्हणाल्या, "वहिनी, दोन्हीकडं माणसाचं नावच पणाला लागलेलं असतं."

माझं शिक्षण नववीपर्यंत. पण शिवणाऱ्या बाईच्या घरात जशा चिंध्या साठतात, तसे त्या बाकड्यावरचे किस्से माझ्याकडं साठलेत. टाकवत नाहीत आणि एका बैठकीत संपतही नाहीत. त्यात हा गिरणीतला अर्धा तुकडा! दौंडच्या एका डॉक्टरची केस त्यांच्याकडं चालू होती, समोरची पार्टी इनामगावची, एवढं मला माहीत होतं. डॉक्टरांची वकील पलीकडं फुटली असं एकदा पसरलं, तर त्या बाकड्यावर पुन्हा कुठला डॉक्टर बसेल?

* * *

तसे डॉक्टर लोक वकिलाकडं चोरूनच येतात. एक तर भर उन्हाळ्यात हेल्मेट घालून बाकड्यावर बसला होता. नवीनच नोटीस आलेली. मी पाणी दिलं तर काच वर करून प्यायला!

वकीलबाई पुण्याहून यायच्या होत्या आणि एसटी लेट. शेवटी उकाड्यानं त्यानं हेल्मेट काढलं, आणि समोरच्या आजींनी ओळखलंच. "अगं बया, ह्ये तर डॉक्टर!"

झालं. आजींनी गुडघा पुढं केला. ब्लाऊज न्यायला आलेलीनं दंड पुढं केला. डॉक्टरच्या डिकीतनं बीपीचं मशीन निघालं. वकीलबाई आल्या तर ओट्यावर ही लाईन!

"डॉक्टर, तुम्ही सल्ला घ्यायला आलात की द्यायला?"

तो बिचारा म्हणाला, "मॅडम, नोटीस आल्यापासून माझे हात थरथरत होते. आत्ता कुठं थांबलेत."

आजी म्हणाल्या, "थांबलेत न्हवं? मग सुई द्या की आता!"

* * *

न्हावऱ्याकडच्या एका पेशंटची केस होती. ऑपरेशनच्या आधी पेशंटची संमती घेतात, सही लागते. वकीलबाई डॉक्टरांनी आणलेले कागद बघत होत्या आणि आवाज माझ्यापर्यंत येत होता. मी ऐकत नव्हते, पण भिंत एकच आहे ना.

"ही सही कुणाची?"

"आप्पांची."

"आप्पा कोण?"

"पेशंटचे चुलत सासरे. माजी सरपंच."

"पेशंट बेशुद्ध होती?"

"छे हो! चहा मागत होती, आम्ही देत नव्हतो."

"मग तिची सही का नाही?"

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आप्पा समोर बसलेत आणि मी पेन सुनेच्या हातात देऊ? आप्पाच म्हणाले, आणा इकडं!"

"उद्या कोर्टात विचारतील, पोट आप्पांचं फाडलं होतं का!" वकीलबाई चिडल्या. "सही पेशंटचीच पाहिजे. शुद्धीवर असेल तर तिचीच."

पुढच्या खेपेला हेच डॉक्टर हसत आले. "मॅडम, जमवलं! सही पेशंटची घेतो. आणि आप्पांसाठी वेगळा कागद ठेवलाय. त्यावर काहीच लिहिलेलं नाही, खाली नुसती सहीची रेघ. आप्पा खूश, कायदा खूश!"

* * *

एक मिसळवाला आला. त्याला एक वाक्य रजिस्टर करून पाहिजे होतं, म्हणजे दुसऱ्या कुणी ते वापरायचं नाही.

"कुठलं वाक्य?"

"आमची कुठेही शाखा नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, हे वाक्य तर सगळेच लिहितात."

"लिहित्यात ना! म्हणून तर आलो. आमचं बघून लिहित्यात. आमच्या तिन्ही शाखांवर पहिल्यापासून हेच लिहिलंय!"

* * *

मसाल्याच्या दोन भावांचं भांडण मात्र बरेच दिवस चाललं. दोघांचा धंदा वेगळा झाला, पण पाकिटावर फोटो आईचाच. थोरला म्हणाला, फोटो मी आधी छापला. धाकटा म्हणाला, आई काय तुझ्या एकट्याची हाय?

वकीलबाई थोरल्याच्या बाजूनं. त्यांनी सांगितलं, आईला घेऊन या, तिची परवानगी कुणाला होती ते कळू दे. थोरला एकटाच आला.

"आई कुठंय?"

"ह्या महिन्यात धाकट्याकडं हाय. आमच्यात महिनावारी ठरलीय."

"मग ह्या महिन्यात फोटो पण धाकट्याचाच की!" मी ओट्यावरून बोलून गेले. वकीलबाईंनी डोळे वटारले.

महिना बदलल्यावर आई आली. नऊवारी, डोळ्याला चष्मा, पिशवीत औषधं. वकीलबाईंनी विचारलं, "मावशी, तुमचा फोटो कुणी लावायचा?"

म्हातारीनं दोन्ही पाकिटं हातात घेतली, चष्मा वर-खाली करून बघितली. "कुणीच न्हाई. मी किती वर्सं झाली उखळाला हात लावला न्हाई. ह्याच्यात मसाला थोरलीचा, त्याच्यात धाकटीचा. ज्या कुटत्यात त्यांचं फोटू लावा की!"

थोरला घाईनं म्हणाला, "मॅडम, आपण आईचाच राहू द्या. दोघंबी लावू. बायकोचा फोटो लावला तर ती हिस्सा मागंल!"

* * *

निमोण्याचे एक मामा कांद्याचं बियाणं घेऊन आले. त्यांचा कांदा टिकायला एक नंबर. त्यांचं म्हणणं, हे आमच्या घरचं गुपित आहे आणि आता अख्खा तालुका तोच कांदा लावतोय, तर चोर शोधा आणि दावा लावा.

वकीलबाईंनी नीट विचारत आणलं. बी कुठं ठेवता? मडक्यात. कुलूप? कुलूप कशाला, घरात मंडळी असतात. मंडळी म्हणजे मामी, त्या बाहेर माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं.

"मामी, हे बी कुणाला दिलं होतं का?"

"कुणाला म्हंजी? संक्रातीला हळदीकुंकवाला दिलं की! समद्या बायका कंगवं आन् डब्या वाटत्यात. म्या म्हणलं, आपण जरा उपेगाचं वाटावं."

"किती जणींना?"

"आल्या तेवढ्यांना. आन् ज्या आल्या न्हाईत, त्यांच्या घरी धाडलं."

वकीलबाई म्हणाल्या, "मामा, चोर सापडला. पण गुपित म्हणून दावा काही चालायचा नाही. तुमच्या नावावर नोंद होते का तेवढं बघू."

जाताना मामींनी मलाही पुडी दिली. मामांच्या देखत!

* * *

आता ते गिरणीतलं.

संध्याकाळी वकीलबाई आल्या, मी चहा दिला आणि सरळ विचारलं. "ताई, गावात बोलतात ते खरं का? तुम्ही फुटलात. इनामगावात समोरच्यांकडं जेवलात."

त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवला. "जेवले नाही. चहा घेतला. तिथं बसले होते हे मात्र खरं."

मग त्यांनी सांगितलं. इनामगावच्या तात्यांना छातीत दुखायला लागलं म्हणून पोरांनी दौंडला ह्या डॉक्टरकडं आणलं. सगळ्या घराचा हाच डॉक्टर, वर्षानुवर्षांचा. डॉक्टरांनी हातात होतं ते केलं, पुण्याला न्यायला सांगितलं आणि तात्या वाटेत गेले. थोरला मुलगा दवाखान्यात येऊन ओरडला, "तुम्ही उशीर केला!" आणि पुढं दावा लावला.

"त्याच दिवशी डॉक्टरांचा मला फोन आला होता," वकीलबाई म्हणाल्या. "मातीला जाऊ का, विचारत होते. मी म्हणाले, अजिबात नको. गेलात तर चूक कबूल केली म्हणतील. आमच्या वकिलांत सगळे हेच सांगतात. त्यांनी दहाव्याला विचारलं, तेराव्याला विचारलं. मी नकोच म्हणाले. कागद स्वच्छ आहेत वहिनी, उशीर कुठंच नाही. पण परवा समोरच्यांचाच वकील मला कोर्टाच्या कँटीनमध्ये म्हणाला, मॅडम, तात्यांची म्हातारी एकच धरून बसलीय. एवढा घरचा माणूस, दारात आला न्हाई, म्हंजी काहीतरी केलंच आसंल."

"मग?"

"मग त्या वकिलाला विचारून, त्याच्याच गाडीत बसून गेले. डॉक्टरांना यायचंय, येऊ दे का, एवढंच विचारायला."

"काय म्हणाली म्हातारी?"

"चहा टाकला." कप परत उचलत त्या म्हणाल्या, "इनामगावचं भांडण म्हणजे तिथल्या उत्खननासारखं, खणायला घेतलं की खाली आणखी एक थर! उद्या डॉक्टरांना घेऊन जातेय. ते तिथं एक शब्द वाकडा बोलले आणि पोरांनी तो धरला, तर त्यांचा दवाखाना गेला. आणि नेलं मी, म्हणून माझंही दुकान बंद. येता का? माहेर तुमचं तिकडचंच आहे."

मी मशीनवर कव्हर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दौंडहून डॉक्टर त्यांच्या गाडीनं इनामगावच्या फाट्यावर येऊन थांबले होते. साधा माणूस, पन्नाशी उलटलेला. वकीलबाईंना म्हणाले, "मॅडम, तिथं बोलू काय?"

"चूक झाली म्हणू नका. कारण झालेली नाही. बाकी वाटेल ते बोला."

"बाकी काय राहिलं मग?"

"चला," म्हणत वकीलबाई त्यांच्या गाडीत बसल्या.

घरात गेलो तर समोरच्यांचा वकील आधीच आला होता. दोन्ही वकील एका कॉटवर शेजारी शेजारी बसले. मी आणि घरातली सून आतल्या दारात. डॉक्टर खाली सतरंजीवर, तात्यांच्या फोटोसमोर. थोरला मुलगा चौकटीला टेकून उभा, आणि मोबाईल असा धरलेला की शूटिंग चालू आहे हे आंधळ्यालाही कळावं. म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली होती. बाहेर उसाची ट्रॉली गेली, तिच्या ट्रॅक्टरवरचं गाणं पार लांब जाईपर्यंत ऐकू आलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "काकी, मी यायला पाहिजे होतं."

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"ऐकलं का वकीलसाहेब?" थोरला ओरडला. "कबूल केलं! समदं हितं रेकॉर्ड झालंय!"

त्यांचाच वकील म्हणाला, "काय कबूल केलं? आले न्हाईत, येवढंच ना? त्ये तर समद्या गावानं बघितलंय. बस खाली."

थोरला काही बसला नाही. मोबाईलही खाली घेतला नाही.

म्हातारीनं नाक पुसलं. "डॉक्टर, केस काढायची न्हाई बगा. पोरांचा बाप गेलाय. त्यांनी इचारायचं, तुम्ही कोर्टात सांगायचं. त्यात मी पडणार न्हाई."

"बरं काकी."

आत सुनेनं तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. म्हणजे गिरणीतलं ते जेवणाचं आता खरं होणार होतं.

मग म्हातारीनं पदर सारला आणि उजवा दंड डॉक्टरच्या पुढं केला. "बीपीच्या गोळ्या संपून लई दिस झालं. दुसऱ्याकडं जायला जीव होत न्हाई. मशीन आणलंय न्हवं?"

डॉक्टरांनी वकीलबाईंकडं बघितलं. वकीलबाईंनी शेजारच्या वकिलाकडं बघितलं. त्यानं थोरल्याकडं बघितलं. थोरल्यानं मोबाईल खिशात घातला आणि हात पुढं केला. "किल्ली द्या. डिकीतच आसंल न्हवं?"

त्यानंच बॅग आणून दिली. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. आम्ही सगळे काट्याकडं बघत बसलो.

"काकी, वाढलंय."

"वाढणारच की," म्हातारी म्हणाली. "आता असं करा. पुढच्या तारखेला कोर्टात येताना माझ्या गोळ्या घिऊन या."