दहापैकी सहा

दुखणे एका माणसाचे असते. त्याचे किस्से मात्र साऱ्या गल्लीचे होतात. माझा कणा दुखू लागला त्याला बरीच वर्षे झाली, परंतु किस्से जमू लागले ते गोळी बंद झाल्यापासून. ती गोळी अफूच्या कुळातली. ती मिळत होती तोवर मी, जुनी मॅट्रिक झालेली आणि एकटी राहणारी बाई, ओट्याशी ताठ उभी राहून स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटत असे. आता पोळ्या शेजारची सून रुक्मिण आणून देते. मुलगी गुणाची आहे. पोळ्या जाड करते.

*

गोळी बंद झाली ती हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या मेडिकलमध्ये, भर गिऱ्हाइकांत.

“आजी, ती गोळी ठेवणं बंद केलं आमी. तपासणी लई वाढली. पोरं नशेसाठी घेऊन राहिली.”

“मी तुम्हाला पोर दिसते?”

“तुमी न्हाई हो. पण गोळी तीच हाय ना. हिंगोलीच्या मोठ्या डॉक्टरची ताजी चिठ्ठी आणा, मंग मागवून देतो.”

या उत्तरातले तर्कशास्त्र मी वाटभर तपासले. दोष सापडला नाही, म्हणून संताप अधिक झाला.

संध्याकाळी भाजीवाली मेथीची जुडी पुढे करत हळूच म्हणाली, “काकू, सोडली म्हणं तुमी. बेस केलं. आमच्या ह्यांची तंबाकू काई सुटंना.”

*

माझ्या नणंदबाई पुसेगावला असतात. त्या समाचाराला आल्या आणि पाण्याचा पेला हाती घेण्यापूर्वीच निदान करून मोकळ्या झाल्या. “वैनी, दुखणं मनात असतं. मन दुसरीकडं लावावं.”

जाताना त्यांचा अंगठा उंबऱ्याला ठेचाळला. त्यांनी जो आकांत मांडला, त्याने समोरचा दुकानदार गल्ला सोडून धावत आला. मी अंगठ्याला हळद लावली आणि म्हटले, “वन्सं, मन दुसरीकडे लावा.”

अद्याप त्यांचा फोन आलेला नाही.

*

हिंगोलीला राबिया सोबत आली. तिचे बांगड्यांचे दुकान आहे. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. तिच्या आणि माझ्या घराला मधली भिंत एकच.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारले, “आजी, दहापैकी किती दुखतं?”

“दहा म्हणजे काय, ते आधी सांगा.”

“सहनच होत नाही, ते दहा.”

“जीपच्या मागच्या बाकावर बसून मी इथवर आले आहे. म्हणजे सहन होते. सहा लिहा.”

त्यांनी सहा लिहिले. सहाला तापावरची साधी गोळी मिळते.

बाहेर आल्यावर राबियाने कपाळावर हात मारून घेतला. “या अल्ला. भाबी, बाजारात पहिल्याच बोलीला खरा भाव कोणी सांगते का?”

*

पुढच्या खेपेला तिने माझी तयारी करून घेतली. केस विंचरायचे नाहीत, चुरगळलेले पातळ नेसायचे, खुर्चीत बसताना कण्हायचे. “तुमी अशा बसता, जसं काई फोटो काढायला आलात.”

मी प्रयत्न केला. परंतु केस न विंचरता मला घराबाहेर पडता आले नाही, आणि परक्या पुरुषासमोर कण्हणे आम्हाला कोणी शिकवलेले नाही.

त्या दिवशी डॉक्टर दुसरेच होते. मी ताठ बसले. राबियाला ते बघवेना. माझ्या वाटचे तीच कण्हली. काय कण्हली! रांगेतली माणसे दारात डोकावली. तिच्या पिशवीत तिच्या गुडघ्यांचा जुना कागद होता, तो डॉक्टरांनी मागून घेतला. मी खुलासा करू लागले, तर तिने टेबलाखालून माझा पाय दाबला.

गोळी लिहून मिळाली, राबियाच्या नावावर. निघताना डॉक्टर मला म्हणाले, “आजी, यांना जपून न्या. फार सोसतात त्या.”

*

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात राबियाने हिंगोलीतूनच घेतलेली ती गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी परत केली.

“चिठ्ठी तुझ्या नावाची आहे.”

“दर्द तर तुमचा हाय.”

“तो कागदावर सहा आहे.”

“मंग बसा सहा घेऊन.” तिने गोळी पदराच्या गाठीत बांधली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

रुसलेल्या माणसाला निदान चहा द्यावा म्हणून मी उठले. अर्ध्यातच कणा धरला गेला आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी स्वतःदेखील पूर्वी कधी ऐकलेला नव्हता.

पलीकडच्या अंगणातून रुक्मिण ओरडली, “राबियाचाची, तुमी कण्हल्या का? काय झालं वो? लई दुखून राहिलं का?”

राबिया वळली. मी दोन्ही हातांनी ओटा धरून उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले, आणि खिडकीकडे तोंड करून आवाज चढवला.

“व्हय गं पोरी,” ती म्हणाली. “लई दुखून राहिलं.”